संगणकातल्या माणसाची वाटणी

आमच्या घरात सगळ्याची वाटणी सारखी व्हायची. पहूरच्या आसपास भावाभावांत वाटे पाडायचे असले की लोक आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, बोलावून न्यायचे. आबांची पद्धत ठरलेली होती. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. त्यामुळे थोरल्याला लबाडी करून उपयोग नसायचा.

आम्ही दोघे भाऊ. थोरल्याला मी भाऊच म्हणायचो, तो आबांबरोबर केळी आणि कपाशी बघायचा. मी धाकटा, जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मला मोठ्या कोर्ससाठी पुण्याला जायचं होतं. आबा म्हणायचे, एकाला पाठवायचं तर दोघांना पाठवावं लागेल. दोघांना पाठवणं झेपणारं नव्हतं, म्हणून कुणीच जायचं नाही. यात त्यांना काही चुकीचं दिसत नव्हतं.

क्लासच्या एका मशीनवर एक गेम होता. त्यात आधी आपला माणूस घडवावा लागे. ठरावीक गुण मिळत, ते ताकद, चपळाई, बुद्धी, बोलणं आणि नशीब यांत वाटायचे, आणि एकदा दिले की परत घेता येत नसत. सगळीकडे थोडे थोडे देणारा लवकर मरे. एकाच गोष्टीत सगळं ओतणारा पुढे जाई. मला वाटलं, एकालाच पाठवावं याचा हा पुरावा आहे. हे आज लिहितानाही लाज वाटते.

एका रविवारी आबा आणि भाऊ विहिरीवरच्या मोटरीचं वाइंडिंग करायला जळगावला आले. मोटर दुकानात टाकून मी दोघांना क्लासमध्ये आणलं. चपला बाहेर काढायची पद्धत होती. आबांनी टोपीही काढली.

"याले भाऊ किती?" पडद्यावरच्या माणसाकडे बघत त्यांनी विचारलं.

"एकटाच आहे, आबा."

"मंग वाटनी कोनाची?"

मी गुणांची पाच नावं वाचून दाखवली.

"म्हंजे पाच भाऊ. थोरला कोनता?"

सगळ्यात वर ताकद होती, सगळ्यात खाली नशीब. म्हणून ताकदीने वाटे पाडले असं धरलं आणि नशिबाने आधी उचललं. पाच सारखे वाटे करून एक गुण उरला. आबा म्हणाले, तो विहिरीसारखा सामाईक ठेव. पण तो दिल्याशिवाय गेम पुढे सरकेना.

"मंग ज्याच्याकडं माय राहीन त्याले दे," आबा म्हणाले. त्यांच्या वाटण्यांत उरलेलं भांडं किंवा शेळी अशीच जायची.

"बोलन्याकडं ठेवा तिले," भाऊ म्हणाला. "दुसऱ्याकडं करमाचं नाही."

आई बोलण्याकडे राहायला गेली. माणूस गावाच्या वेशीबाहेर पडला आणि पहिल्याच अस्वलाने त्याला खाल्लं.

आबांनी निकाल दिला. "यात वाटनीचा दोष नाही. अस्वलाचा हाये."

मग मी ते बोललो. इतक्या वर्षांनीही ते वाक्य गिळता येत नाही. मी म्हणालो, "आबा, तुम्ही केळीची पिलं ठेवता का? बुंध्याशी आलेली सगळी कापता. का? तर घड भरावा म्हणून."

आबांना हे पटलं. पिलं ते स्वतःच्याच हाताने कापायचे. भाऊ खुर्चीत जरा पुढे सरकला.

"म्हंजे मी पिल का रे भो?"

तो हसत होता. मी घाईघाईने दुसरा माणूस घडवायला घेतला. सगळं ताकदीला दिलं. चपळाई, बुद्धी, बोलणं, नशीब यांना गेम जेवढं फुकट देतो तेवढंच. या माणसाने अस्वल एका फटक्यात मारलं. पुढचे दोन लांडगेही मारले. भाऊने टाळी वाजवली.

मग शहराचं दार आलं. दाराशी एक म्हातारा द्वारपाल. त्याने विचारलं, कशासाठी आलास? इतरांना इथे उत्तरं निवडायला मिळत. आमच्या माणसाला एकच मिळालं: "अं."

द्वारपालाने पुन्हा विचारलं. "अं."

"अरे, पहिले रामराम तरी घाल!" आबा ओरडले.

"येत नाही त्याला, आबा."

"कामून?"

"त्याला बोलणं दिलेलंच नाही."

दारावर तलवार मारून पाहिली. दार ढिम्म हललं नाही. तो एवढा दांडगा माणूस उन्हात उभा राहिला. आबांकडून ते बघवेना.

"मोठ्या, तू सांग रे त्याले," ते भाऊला म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण भाऊ उठला, शर्ट नीट केला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि त्या द्वारपालाला अगदी आदबीने म्हणाला, "बाबा, आमचा मानूस हाये. कामाचा हाये, त्याले बोलता येत नाही फक्त. जाऊ द्या."

दार अर्थातच उघडलं नाही. आम्ही तिघंही मात्र थोडा वेळ वाट बघत बसलो. मला गेम पाठ होता, तरीही.

मग आबांनी टोपी घातली. "जाऊ दे याले पुन्याले," ते भाऊला म्हणाले. "वाटे तू पाड. बोलायले आपुन हाओत."

भाऊने वाटे पाडले. त्या वर्षी त्याची मोटरसायकल यायची होती, तिचे पैसे त्याने पुण्याच्या वाट्यात टाकले. मी ते पाहिलं आणि तरी आधी उचललं.

जायच्या दिवशी तो मला जळगावच्या स्टँडवर सोडायला आला. तिकीट माझ्या हातात होतं, जागा राखलेली होती. तरी तो कंडक्टरजवळ गेला.

"दादा, आमचा मानूस हाये," तो म्हणाला. "पुन्याले उतरवा नीट."

कंडक्टरने मला नखशिखांत न्याहाळलं. "काय हो, बोलता येत नाही का तुम्हाला?"

मला भाऊला काहीतरी म्हणायचं होतं. केळीच्या पिलांबद्दल, मोटरसायकलबद्दल. तो खिडकीखाली उभा राहून वाट बघत होता. गाडी सुरू झाली, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच:

"अं."

"कळलं, कळलं," भाऊ म्हणाला, आणि गाडीला बाहेरून थाप मारली.