काट्यावरच्या बाईंचा फोन

शेवगावच्या कॉलेजात गणित शिकवत असतानाच माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. मोठ्या संस्थेत वरून निघालेला निरोप खालपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हा विषय. उदाहरण म्हणून जवळचा साखर कारखाना घेतला. गाळप बंद पडलं की ऊसतोडणी थांबवायचा निरोप शेतकी अधिकाऱ्याकडून गट अधिकाऱ्याकडे, तिथून सुपरवायझरकडे आणि मग टोळीच्या मुकादमाकडे जायचा. प्रत्येक पायरीवरचा वेळ धरून मी समीकरण मांडलं. उत्तर आलं दीड तास.

प्रत्यक्षात कोयते अर्ध्या तासात थांबत होते. महिनाभर मी स्वतःची चूक शोधली. शेवटी तिसगावकडच्या उसाच्या एका फडात मुकादमालाच विचारलं.

"सायबाचा फोन मागनं येतो," तो म्हणाला. "आमाला काट्यावरच्या बाई आधीच सांगत्यात."

या बाई वजनकाट्यावर क्लार्क होत्या. खिडकीतून त्यांना उसाच्या गाड्यांची रांग दिसायची. रांग हलेनाशी झाली की त्या मुकादमांना परस्पर फोन लावायच्या. माझ्या आकृतीत सगळ्या रेषा वर-खाली जाणाऱ्या. आडवी एकही नव्हती.

मी हौसेनं ती रेषा काढली आणि शेतकी अधिकाऱ्यांना दाखवली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे माझ्या आधी निरोप या देतात?"

दुसऱ्याच दिवशी बाईंची बदली गोदामात झाली.

त्याच आठवड्यात गाळप पुन्हा बंद पडलं. या वेळी निरोप दीड तासानं पोचला. समीकरण खरं ठरलं आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडला. मला लाज वाटली. अधिकाऱ्यांकडे गेलो, म्हणालो, "रेषा दाखवली, पण तिच्यामुळे तुमचा तासभर वाचतो हे सांगायचं राहिलं. चूक माझी आहे." चार दिवसांनी बाई पुन्हा काट्यावर दिसल्या.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, सगळ्यांना विचारत फिरलात. मला एकदा विचारायचं होतं."

पुढे प्रबंधातलं ते प्रकरण आधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. रविवारी सकाळी त्या चर्चला जातात, तेव्हा फोन होत नाहीत. मी रविवारचे आकडे वेगळे काढले.