दोघांची बिडी मीच पेटवायचो

सोनाळ्याच्या बाजारात आमचा एकच ओटा होता. अर्ध्यावर माझं शिलाई मशीन, अर्ध्यावर माझ्या मित्राचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याचे हात सकाळपासून ग्रीसनं माखलेले, काडेपेटी धरली तर काडी पेटेना. म्हणून दोन बिड्या मीच एकदम ओठात धरायचो, एका काडीवर पेटवायचो आणि एक त्याच्या तोंडात द्यायचो. वीसेक वर्षं हेच. लोक हसायचे, "मास्तर, लेकराले बी असं भरवलं नसन तुमी!"

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. माझ्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. अकोल्याच्या डॉक्टरनं पाय दाबून पाहिला आणि सांगितलं, बिडीनं रक्ताच्या नळ्या बंद होत चालल्यात; सुटली नाही तर आधी बोटं जातील, मग पाय. शिंप्याचा पाय! मशीन काय डोक्यानं चालवू? तरी बिडी सुटेना. मग त्यानं मला मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. मी भडकलोच. "मले का याड लागलं?" म्हणून बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "याड नसतं लागलं तं कवाच सोडली असती." गेलो गुपचूप.

तो डॉक्टर पुण्याकडचा, चष्मेवाला, वयानं माझ्याहून लहान. माझ्या बोलीला हसेल वाटलं, पण हसला नाही. गोळी नाही, सुई नाही. एक वही दिली. प्रत्येक बिडी कुठं ओढली, जवळ कोण होतं, मनात काय होतं, ते लिहायचं. आठवड्यानं वही वाचून म्हणाला, "अहो, निम्म्याहून जास्त बिड्या तुमच्या मित्राबरोबरच्या आहेत." मी चाटच पडलो. मग त्यानं शिकवलं, की तलफ आली की पळायचं नाही. ओठात दोरा धरून बसायचं आणि ती चढते कशी, उतरते कशी, नुसतं पाहायचं. पहिल्यांदा ती आपली आपण उतरली, तेव्हा मी मशीनवर आ वासून बसलो. आपल्याच आत एवढं मोठं काही चालू असतं आणि आपल्याला पत्ता नाही!

मित्रानंही कमाल केली. बिडी ओढायला तो ओट्यामागं विहिरीकडं जाऊ लागला. हात चिंधीला पुसून चार-चार काड्या वाया घालवायचा, पण मला एकदाही हाक मारली नाही. अकरा महिने माझ्या ओठाला बिडी लागली नाही. अंगठ्याचा रंग परत आला.

आणि एका दुपारी चाकात हवा भरता भरता त्याच्या छातीत कळ आली. मी मशीनवरून उठून पोचेपर्यंत गेला. पंपाचा दांडा हातातच होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून, एकही खाली येईना. त्याच्या भावानं हात जोडून लेकरांना सांभाळीन म्हणून शब्द दिला. तरी नाही. कोणीतरी पिंडाजवळ बिडी ठेवली. तरी नाही. तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "कोरी बिडी तो कवा वढे बे? मास्तरले पेटवून देऊ द्या." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बिडी म्हणजे काही निरांजन नव्हे, काडी लावली की पेटली. ती ओढावीच लागते. एक पुरली असती. पण हाताला सवय दोनची. दोन्ही ओठात धरल्या, काडी ओढली, दम मारला आणि एक पिंडाशी ठेवली.

मी हात मागं घेतो न घेतो तोच कावळा आला. "आला, आला!" म्हणत लोकांनी हात जोडले. भाऊ ढसाढसा रडला. माझं कावळ्याकडं लक्षच नव्हतं. जी बिडी अकरा महिने मेली म्हणून मी निर्धास्त होतो, ती माझ्या अंगात नुसती झोपली होती. एका दमात बोटं, ओठ, छाती, सगळ्यांनी तिला ओळखलं. दुसरी बिडी माझ्या हातात होती. ती मी संपवली.

तिथंच चुकलो. मला वाटलं, हा तर विधी झाला, ही कशाला वहीत लिहायची? दुसऱ्या दिवशी ओट्याच्या रिकाम्या अर्ध्याकडं पाहून एक ओढली, त्याच्या नावानं. महिन्याभरात रोजचं बंडल सुरू. लाजेनं अकोल्याला जाणंच सोडलं. चार महिन्यांनी डाव्या पायाची दोन बोटं कापली.

मनाचा डॉक्टर खाटेशी आला. मला वाटलं, आता झापतो. तो स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "मित्र शेजारी असताना बिडीला नाही म्हणायला मी शिकवलं. तो नसताना कसं म्हणायचं, हे माझ्याही लक्षात आलं नाही." एवढा शिकलेला माणूस शिंप्यापुढं चूक कबूल करतो! जाताना त्यानं नवी वही ठेवली.

मित्राच्या वर्षश्राद्धाला त्याच्या अंगणात भिंतीवर घास ठेवला. पुन्हा कावळा येईना. पंगत खोळंबली. पुन्हा तोच म्हातारा, तीच बिडी माझ्यापुढं. "मास्तर, द्या पेटवून." आठ महिने झाले होते मला सोडून. तरी खोटं कशाला बोलू, माझा हात पुढं गेला.

वहिनी, म्हणजे मित्राची बायको, चुलीपासून उठल्या. म्हाताऱ्याच्या हातातली बिडी घेतली आणि मोडून टाकली. नवरा होता तोवर या बाईचा आवाज कधी दाराबाहेर आला नव्हता. त्या भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "आयका. बिडी भेटनार नाई. तुमच्या एका बिडीपायी भाऊजीची दोन बोटं गेली. जेवाचं असन तं जेवा, नाई तं उपाशी राहा. पाय मी देनार नाई."

घासाला कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवत नाही आमच्याकडं. "वाढा," त्या म्हणाल्या, आणि पहिलं पान स्वतः माझ्यापुढं मांडलं.

कावळा आला की नाही, ते पाहायला मी मान वळवली नाही. रडत रडत पोटभर जेवलो. आज म्हातारा झालो; मशीन अजून त्याच पायानं चालवतो.