फोडणी कोणी मागितली

माझ्या दोन्ही मुलींना एकाच आठवड्यात गोवर आला. मोठी पाच वर्षांची होती, धाकटी तीनची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मेडशीला मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. दोन खोल्यांत आई, बायको, मी आणि या मुली.

गोवर म्हणजे माता आली, असं आई मानायची. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला आणि घर बंद झालं. बाहेरच्यानं आत यायचं नाही, आपण कोणाकडे जायचं नाही. दाढी नाही, डॉक्टर नाही, आणि चुलीवर फोडणी तर नाहीच. तेलाच्या वासानं माता कोपते. चौथीच्या पोरांना मी रोगजंतूंचा धडा शिकवत असे. तोच मी रजा घेऊन दाराआड मुकाट बसलो.

मोठीला दोन दिवस ताप आला, मग ती उठून चिंचोके खेळू लागली. धाकटीचा ताप काही हटेना. एका गोधडीत निजणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या त्या दोघी.

पाचव्या दिवशी बिनफोडणीच्या वरणाला मी विटलो. आई मातामायच्या ओट्यावर पाणी घालायला गेली होती.

"जराशी मिरचीची फोडणी दे ना," मी बायकोला म्हणालो.

"आईले वास आला म्हंजे?"

"ते कायले येते इतक्यात."

तिनं फोडणी दिली. ठसका विरायच्या आत आई दारात उभी.

"कोनं देल्ली फोडणी?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत होतो.

"म्या," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी धाकटीला धाप लागली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मधल्या दिवसांतही मी डॉक्टर आणला नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आई सांगायची, "हिच्या फोडणीनं नेली पोरगी." मी भिंतीला टेकून ऐकायचो. पहिल्या दिवशी बोललो नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं. तशीच पन्नास वर्षं निघून गेली. कोणाच्या लेकराला गोवर आला की लोक बायकोला त्या गल्लीतून जाऊ नको म्हणायचे. ती लांबच्या विहिरीवर जायची. मी कधी विचारलं नाही काहून.

कोरोनात मोठीच्या दोन्ही मुलांना एकदमच लागण झाली. एकाचं नुसतं अंग दुखलं, दुसऱ्याला अकोल्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. मी तिथल्या डॉक्टरला विचारलं, असं कसं? तो म्हणाला, विषाणू एकच असला तरी त्याच्याशी लढायची ताकद ज्याची त्याची निराळी. त्यातली काही आईबापांच्या जनुकांतून येते, आणि सख्ख्या भावंडांतही ती सारखी वाटली जात नाही. तुमच्याकडे आधी असं कोणाचं झालं होतं का?

माझे पाठचे दोन भाऊ लहानपणी गोवरातच गेले होते. ते सांगितलं. धाकटीचंही सांगितलं, आणि फोडणीचंही.

"आता नक्की सांगता येणार नाही," तो म्हणाला. "खाणंपिणं, उपचाराला उशीर, हेही असतं. पण फोडणीनं नाही होत, आजोबा."

तो हसला. मला हसता आलं नाही.

नातू बरा होऊन घरी आला, तेव्हा बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, फोडणी मी मागितली होती.

"मले मालूम नाही का? मी का बहिरी होती?" तिचे हात थांबले नाहीत. "मले काय सांगता? तुमच्या बहिणीले सांगा. तिच्या पोरीच्या हळदीले मले हात लावू देल्ला नाही तिनं."

बहीण रिसोडला असते. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दादा, आई जाऊन इतकी वर्सं झाली. आता तिले खोटं पाडून राह्यले का? हे कोणाजवळ बोलू नका."

परत आलो. बायकोनं विचारलं, "काय म्हणे?"

मी सांगितलं. 

"मंग लिहून काढा. मास्तर होते ना तुमी," ती म्हणाली. "नावं नका टाकू कोणाची. फोडणी कोनं मांगतली, तेवढं टाका."