काढून घेतलेलं पत्र

आर्वो नीमी डुलुथमधल्या एका शाळेचा बॉयलर सांभाळायचा. एकटा जीव, स्वभावाने घुमा, आणि तोंड उघडलं की समोरच्याचा पाणउतारा ठरलेला. तरी अकरा वर्षं मी त्याच्या पत्रांची वाट बघितली. भुताखेतांच्या आणि अद्भुताच्या जुन्या पुस्तकांवर इतकं जीव तोडून भांडणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

आम्ही पाच वाचक होतो आणि आमच्यात एक जाडजूड पाकीट फिरायचं. आर्वोकडून माझ्याकडे ॲशलंडला, माझ्याकडून हॉटनच्या आयव्हा लिंडक्विस्टकडे, मग आणखी दोघांकडे आणि परत आर्वोकडे. पाकीट आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं काढून नवं घालायचं आणि पुढे धाडायचं. फेरी पूर्ण होईपर्यंत आपल्याही पत्राला हात लावायचा नाही, हा नियम आर्वोचाच. एकाने एकदा पत्र मध्येच मागे घेतलं होतं. अर्ध्यांनी ते वाचलेलं, अर्ध्यांनी नाही, आणि त्या गोंधळात वर्ष गेलं.

त्या नोव्हेंबरात वाद चालला होता एका दीपगृहाच्या रखवालदारावरच्या कादंबरीचा. त्याची बायको तलावात बुडालेली असते. रोज संध्याकाळी दारावर थाप पडते, तो तिचं ताट मांडतो, आणि शेवटच्या पानावर त्याचा हात कडीवर असताना पुस्तक संपतं. आयव्हाने लिहिलं होतं की त्याने दार उघडायलाच हवं. त्यावर आर्वोचं उत्तर आलं: "बुडालेलं माणूस परत येत नाही. दार उघडा म्हणणारीचं कधी कुणी बुडालेलं दिसत नाही. चुलीपाशी पाय शेकत दुसऱ्याच्या दुःखाशी भातुकली खेळणं सोपं असतं."

खरं सांगते, मी हसले. चांगली जिरवली, असं मनाशीच म्हणाले. माझं पत्र घालून पाकीट दोरीने बांधलं, रस्त्याकडेच्या टपालपेटीत ठेवलं आणि न्यायचं टपाल आहे हे टपालवाल्याला कळावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला.

पावणेदहाला आर्वोचा ट्रक अंगणात शिरला. सत्तर मैल, तेही बर्फाच्या रस्त्याने. हातात वर्तमानपत्र.

"पाकीट कुठंय?"

"पेटीत. टपालवाला दहाला येईल. आत तर ये, कॉफी टाकते."

"कॉफी राहू दे. हे वाच."

मंगळवारच्या वादळात आमच्या समुद्राएवढ्या तलावात लोहखनिजाची एक बोट बुडाली होती. नऊ नावं होती. चौथं एल्मर लिंडक्विस्ट, हॉटन. आयव्हाचा नवरा.

बातमी मी दोनदा वाचली. तरी तोंडातून काय निघावं? "आर्वो, नियम तुझाच आहे."

"नियम गेला खड्ड्यात! परवा ते पत्र तिच्या हातात पडेल, नेल. त्याचं प्रेतसुद्धा मिळालेलं नाही अजून!"

"आज तू काढशील, उद्या आणखी कुणी काढेल."

"काढू दे! तू दगड आहेस का बाई?"

तेवढ्यात वळणावर टपालवाल्याची गाडी दिसली. मी सपाता घातलेल्या पायांनीच धावले. झेंडा मी माझ्या हाताने खाली केला आणि पाकीट काढून घेतलं. आत येऊन दोरी सोडायला लागले तर गाठ सुटेना. शेवटी आर्वोने सुरी घातली, आपलं पत्र उपसलं आणि माझ्या चुलीत कोंबलं.

पण त्याचं पत्रच नसेल तर आयव्हाला संशय येणार. बाहेर गाडी येऊन थांबलेली. "दोन मिनिटं थांब रे!" मी खिडकीतून ओरडले. आर्वोने उभ्या उभ्या एक ओळ खरडली: "आयव्हा, तुझंच खरं. त्याने दार उघडायला हवं." पाकीट गेलं, आणि आम्ही दोघं खुर्च्यांवर कोसळलो. एक पाप टळलं असं मला वाटलं.

मी सांत्वनाचं पत्र वेगळं धाडलं, त्याला उत्तर आलं नाही. जानेवारीत फेरी पूर्ण झाली. या वेळी आर्वोने पाकीट टपालाने पाठवलं नाही, स्वतःच घेऊन आला. आयव्हाचं पत्र त्याने माझ्यापुढे ठेवलं.

"आर्वो, अकरा वर्षांत तू एकदाही माझं खरं म्हटलं नाहीस. तुझी ओळ वाचली आणि कळलं की तू बातमी वाचलीस. इथे सगळे माझ्या होला हो करतात. एल्मर संध्याकाळी मागच्या दाराशी येतो असं सांगितलं, तरी बहीण मान डोलावते. मी त्याचं ताट मांडते. मागचं दार तलावाकडे उघडतं, आणि तलाव आता गोठत आलाय. मला कुणीतरी नाही म्हणा रे. जे पत्र काढून घेतलंस ते पाठव."

सहा आठवडे जुनं पत्र होतं ते. मधल्या दोघांनी काय केलं, तर सांत्वनाच्या चार ओळी खरडून पाकीट पुढे ढकललं. अस्सा राग आला मला! आणि मग आठवलं की मी तरी काय वेगळं केलं होतं.

"पत्र तर चुलीत गेलं," आर्वो म्हणाला. "तू वाचलं होतंस. सांग, काय लिहिलं होतं मी?"

मला अक्षरन् अक्षर पाठ होतं. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. बुडालेलं माणूस परत येत नाही. पुढच्या, दार उघडा म्हणणारीच्या वाक्याशी त्याचा हात थांबला.

"हे नको. हे खोटं होतं," तो म्हणाला आणि आपल्या मनाने लिहायला लागला. लिहून झाल्यावर कागद त्याने माझ्याकडे सरकवला.

"माझा भाऊ टॉइव्हो बुडाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. दोन हिवाळे मी त्याचं ताट मांडलं. रोज दार उघडलं. बर्फ आत यायचा, बाकी कुणी नाही. दार उघडू नकोस, आयव्हा."

ज्या पत्राला मी हसले होते ते असल्या माणसाने लिहिलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"दे, पाकिटात घालते," मी म्हटलं.

"टपालाला दोन दिवस लागतात," तो म्हणाला. कागद खिशात घालून तो ट्रककडे निघाला, हॉटनच्या रस्त्याला.

मार्चमध्ये पाकीट पुन्हा माझ्याकडे आलं. त्यात आयव्हाचं पत्र होतं, आठ पानांचं. पहिलंच वाक्य: "आर्वो, त्या कादंबरीचं शेवटचं पान तू नीट वाचलेलंच नाहीस." मी तिथेच रडले, आणि मग आठही पानं वाचायला बसले.