गळे बघणारे मामा

आमच्या हिचे मामा माणसाला चेहऱ्याने नव्हे, गळ्याने ओळखतात, आणि त्यांच्या बोटांखालून सुटलेला गळा अख्ख्या देवासमध्ये सापडणं कठीण. डॉक्टरकीतून ते कधीच निवृत्त झाले, पण बोटं निवृत्त व्हायला तयार नव्हती. लग्नामुंजीत ते हौसेने पाणी वाढायला घेत. पाहुण्यांना वाटे, काय हा विनय! मामा मात्र प्रत्येक घोटाबरोबर कंठाखालची ग्रंथी कशी वर सरकते ते बघत असत. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मागून येऊन त्यांनी माझ्याच गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि देवासच्या बोलीत म्हणाले, "गटक, भिया, गटक!" मी चहा कसाबसा गिळला. "थायरॉइड साफ आहे, मुलगा चालेल," असा निकाल लागला. लॅबच्या कागदांवर त्यांचा भारी राग. "कागदाला गळा असतो का रे?" असं ते विचारीत.

गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे धारला आले. हिच्या गळ्याला जरा सूज होती, पण रक्तातले थायरॉइडचे आकडे ठीक आल्याने आम्ही निर्धास्त होतो. तो रिपोर्ट मी थोड्या ऐटीतच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्याकडे न बघता हिला खुर्चीत बसवलं, मागे उभे राहिले, पाणी प्यायला लावलं. एरवी मामा क्षणात निकाल देत. आज त्यांचं बोट उजवीकडे एकाच जागी पुन्हा पुन्हा येत होतं.

"ग्रंथी काम कसं करते ते रक्त सांगतं. गाठ कसली आहे ते नाही सांगत. कडक लागतेय, बेटा. इंदूरला जाऊन सुईची तपासणी करून घ्या."

इंदूरला सुईने गाठीतल्या पेशी काढल्या, निकालाला आठ दिवस लागणार होते. ही शांतपणे कुरडया घालत होती आणि मी आरशापुढे तांब्यामागून तांब्या पाणी पीत स्वतःचाच गळा चाचपत होतो. हिला काही झालं तर लेकीची वेणी कोण घालणार, या विचाराने मोरीत जाऊन रडत होतो. मामा देवासहून रोज फोन करून विचारीत, "धारला ऊन कसं आहे?" आणि ठेवून देत. जन्मात कधी हवापाणी न विचारणारा माणूस उन्हाची चौकशी करू लागला, तेव्हा मी खरा घाबरलो.

गाठ साधी निघाली. इंदूरहून आम्ही तडक देवास गाठलं. मामांनी चष्मा लावून तो लॅबचा कागद दोनदा अक्षर न् अक्षर वाचला.

"चुकलो! अगं, चुकलो मी!" ते आनंदाने ओरडले आणि डोळे पुसू लागले.

"गाठ तर तुम्हीच शोधलीत," मी म्हणालो.

"शोधली रे. पण ओळखली नाही. आठ दिवस पोरीला मारूनच टाकलं होतं मनात."

निघताना हिने वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण हिच्या गळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या आनंदाच्या दिवशी मला त्याचंच फार वाईट वाटलं.