तोंड हुंगणारे व्याही

माझ्या व्याह्यांनी आयुष्यात दोनच कामं केली. एक, धावत्या एसटीत कशालाही न धरता उभे राहिले. आणि दोन, लोकांची तोंडं हुंगली. या दोन्ही कामांत त्यांच्या तोडीचा माणूस यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, हे मी त्यांच्यावर राग असूनही लिहून देतो. पांढरकवडा-वणी रस्त्यावर त्यांनी कंडक्टर म्हणून जन्म काढला. तो रस्ता ज्यांनी जुन्या काळी पाहिला त्यांना बाकी सांगायला नको. प्रवासी एकमेकांच्या मांडीवर पडत असायचे आणि हे मधल्या वाटेत पाय फाकवून विजेच्या खांबासारखे उभे, कानामागची पेन्सिल काढून हिशेब लिहीत. एकदा करंजीच्या पुढं ड्रायव्हरनं म्हशीसाठी कचकन ब्रेक मारला. एक हेडमास्तर थेट इंजिनच्या झाकणावर जाऊन बसले, कुणाच्या तरी टोपलीतल्या कोंबड्या बसभर उडाल्या. व्याही जागचे हलले नाहीत. कोंबड्या खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "वणी कोन कोन?"

दुसरं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं होतं. पंचशीलातलं पाचवं शील, दारू न पिण्याचं, त्यांनी असं धरलं होतं की उरलेली चार त्यांना त्याच्यापुढं किरकोळ वाटत. बसमध्ये चढणाऱ्याचं तिकीट नंतर, तोंड आधी. नाक जवळ न्यायचं, डोळे मिटायचे, आणि "उतरा" नाहीतर "बसा" एवढाच निकाल. खोकल्याच्या औषधात दारू असते असं कुणीतरी सांगितल्यावर ते पूर्ण हिवाळा खोकले, पण बाटली घरात येऊ दिली नाही. मोहफुलं पडायच्या दिवसांत राजूरकडं जायचं असलं की नाकाला दुपट्टा बांधत. "इवाई, फुलानं काय केलं तुमचं?" मी एकदा विचारलं (व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात). म्हणाले, "फुलानं काई नाई केलं. आपन सावध असलेलं बरं."

आता माझा राग. तो काढल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही. मी मारेगावला जुन्या दारं-खिडक्यांचा धंदा करतो. पाडलेल्या घरांच्या चौकटी सायकलवर लादून सुरुवात केली, आज माझं स्वतःचं गोदाम आहे. घासाघीस करून मला मिळाली नाही अशी वस्तू तालुक्यात नाही. अशा माणसाच्या मुलीच्या लग्नात हे नवरदेवाचे वडील मांडवाच्या दाराशी उभे राहिले आणि माझ्याच पाहुण्यांची तोंडं हुंगू लागले! माझा चुलत भाऊ, ज्यानं मला धंद्याची पहिली सायकल दिली, थोडी घेऊन आला होता. त्याला यांनी दारातून परत पाठवलं. मी हात जोडले, आवाज चढवला, परत हात जोडले. म्हटलं, "इवाई, या एका मानसाले सोडा, बाकीच्यायले दोनदा हुंगा." ते म्हणाले, "इवाई, हे भाव करून भेटत नाई." भाऊ बाहेर ट्रकच्या पाठीमागं बसून जेवला. पुन्हा माझ्या घराची पायरी चढला नाही. ज्या घासाघिशीवर मी उभा राहिलो, ती माझ्या मुलीच्या लग्नात चारशे लोकांसमोर पडली. मी हे विसरलेलो नाही.

म्हणून दोन उन्हाळ्यांपूर्वी मुलीचा फोन आला तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. ती रडत होती. "बाबा, मामाजी चौकात पडले. सारे म्हनून राह्यले का ते पेऊन होते." मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही. मी तिला धीर दिला, फोन ठेवला आणि हसलो. गोदामात एकटाच, चौकटींच्या मधोमध उभा राहून पोटभर हसलो. मग मोटरसायकल काढून त्यांच्या गावी गेलो. गाव केळापूरपासून थोडं आत आहे. मनातून मी बघायलाच गेलो होतो.

बघितलं ते असं. व्याही खाटेवर उताणे, दोन्ही हातांनी खाटेच्या पाट्या धरलेले, डोळे छताच्या एका खिळ्यावर रोखलेले. जवळ बादली. "इवाई, घर फिरून राह्यलं," ते म्हणाले, "तुमी धरा जरासं." काय धरू, मला कळेना. मी खाट धरली. तासाभरानं ते थांबलं. मग त्यांनी कबूल केलं की हे चार महिने चालू आहे. डावा कान आधी दडपल्यासारखा होतो, त्यात घरघर सुरू होते, आणि मग जमीन पायाखालून निघून जाते. बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. भिंत धरून चालत होते. आणि गावानं ते भिंत धरून चालणं पाहिलं होतं. ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांना हुंगून खाली उतरवलं, तो झुलत चालला तर गाव दुसरं काय म्हणणार? चौकातल्या पानठेल्याजवळ एक माणूस बसतो. सगळे त्याला पाटकर म्हणतात, कारण तो कालव्याच्या पाटावर पाणी सोडायला होता. पिणं हाच आता त्याचा मुख्य व्यवसाय. व्याह्यांनी त्याला किती वेळा बसमधून उतरवलं याची मोजदाद नाही. त्यानं म्हणे यांना चौकात पाहून हात पसरले, "या, या कंडक्टरसाहेब! आमच्यात जागा हाय."

हे त्यांना लागलं. आजारापेक्षा जास्त लागलं. त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो तेच काढू शकतात. दाराशी खुर्ची टाकून बसले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून म्हणू लागले, "या इकडं. हुंगा." आणि तोंड उघडत. दूधवाला, लाइनमन, पोलिओचे थेंब पाजणारी बाई, कुणालाही. लोक संकोचून नाक पुढं करायचे आणि "काई नाई बाप्पा" म्हणून पळायचे. आठवड्याभरात गल्लीतली रहदारी बंद झाली. वर अफवा उठली, की कंडक्टर अशी पितात जिचा वासच येत नाही. "महाग असन," लोक म्हणाले, "पेन्शनवाला मानूस हाय."

शेवटी मी त्यांना जीप करून यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. कानात यंत्र लावून, डोळे मिटून एका जागी पावलं टाकायला लावून त्यांनी तपासलं. माझे व्याही जागच्या जागी चालता चालता तोंड फिरवून खिडकीकडं पोचले आणि त्यांना ते कळलंही नाही. डॉक्टर म्हणाले, आतल्या कानातल्या पाण्याचा दाब बिघडला आहे. तोल तिथूनच सांभाळला जातो. मीठ कमी करा, चहा सोडा, गोळ्या घ्या. झटके कमी होतील, जातीलच असं नाही, आणि तो कान हळूहळू ऐकू येईनासा होईल. मला हे पटलं नाही. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पूर्ण नका बरं करू. घरात फिरू द्या पाहिजे तेवढं, फक्त बाहेर बंद करून द्या." डॉक्टरांनी गोळ्या लिहायला घेतल्या. व्याह्यांनी एकच गोष्ट मागितली: दारू नाही, कान आहे, असं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून पाहिजे. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं. व्याह्यांनी कागद परत केला. तिथं मात्र मी माझं कसब दाखवलं. अर्धा तास भांडून मराठीत, शिक्क्यासकट, दोन प्रती घेतल्या. त्यातली एक लॅमिनेशन करून बुद्धविहाराच्या भिंतीवर लागली. गावानं वाचली आणि म्हणालं, "हे तर त्यायच्या इवायानं आनलं. तो काय, काईबी आनते घासाघीस करून." माझ्या आयुष्यभराच्या कीर्तीचा असा उपयोग झाला.

त्यानंतरचं वर्ष व्याह्यांनी जगणं नव्यानं शिकण्यात घालवलं. मान वळवायची नाही, बोलावलं तर अख्खा माणूस वळवायचा, म्हणजे बोलावणाऱ्याला आपण कुणा मोठ्या अधिकाऱ्याला हाक मारली असं वाटे. कूस बदलायची ती हप्त्याहप्त्यानं, आधी खांदा, मग थांबून कंबर. डोळे मिटले की पडायला होतं, म्हणून तोंड धुताना एक डोळा उघडा, साबण लागून लाल झालेला. अळणी वरण ते असं जेवत, जणू समोर कुणी हंटर घेऊन उभं आहे. पहाटे अंगणात चालायचा सराव करत, भिंतीला एका बोटाचं नख फक्त टेकवून. मी काठी नेऊन दिली, चांगली सागाची. ती त्यांनी सुनेला कपडे वाळत घालायला दिली. "काठी घेतली का लोक म्हनतीन, आता काठी लागे इतकी पेते."

हा सगळा सराव कशासाठी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पंचशील ध्वज घेऊन पुढं चालायचं काम पहिल्यापासून त्यांचं. मागच्या वर्षी समितीची चार माणसं घरी आली. चहा घेतला, उन्हावर बोलले, आणि म्हणाले, "साहेब, औंदा तुमी ट्रॅक्टरवर बसा. आरामात." व्याह्यांनी विचारलं, "तब्येतीसाठी म्हनता, का त्याच्यासाठी?" चौघंही चपला शोधू लागले. "मंग मी पायी चालन," ते म्हणाले. "विहारापासून चौकापर्यंत अन् वापस. ज्याले पायचं त्यानं पावं."

मी त्या दिवशी मुद्दाम गेलो. त्यांच्या उजव्या बाजूनं चाललो, हात लावायचा नाही या अटीवर. ते नजर पार चौकातल्या पाण्याच्या टाकीवर ठेवून चालत होते. अर्धा रस्ता असे गेले की मागच्या बायका कौतुकानं कुजबुजल्या. मग डीजेवाल्यानं आवाज वाढवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. घाम आला होता आणि डोळे टाकीवरून सुटून भलतीकडंच धावत होते. "इवाई," ते म्हणाले, "झेंडा घ्या." मी झेंडा घेतला आणि ते भर रस्त्यात बसले, मग आडवे झाले, आणि ओकले. सकाळपासून उपाशी होते, नुसतं पाणी पडलं. डीजे बंद झाला. शांततेत मागं कुणीतरी हसलं. मी खिशातला डॉक्टरांचा कागद काढला, शिव्या दिल्या, एकाची कॉलर धरली. कुणी पुढं येईना.

आला तो पाटकर. पानठेल्यावरून उठून, झुलत झुलत, गर्दीतून वाट काढत. लोकांना वाटलं आता तमाशा. तो व्याह्यांजवळ गुडघ्यावर बसला, त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि डोळे मिटले. अगदी तसेच, जसे ते मिटत. बराच वेळ हुंगलं. मग उभं राहायचा प्रयत्न सोडून तिथूनच ओरडला, "काई नाई पेले! ऐका रे, हा मानूस कोरडा हाय! मले नाई समजन तं कोनाले समजन?"

आणि गावानं मानलं. डॉक्टरचा शिक्का मानला नाही, माझं मानलं नाही, पण यावर कुणी एक शब्द काढला नाही. समितीचे लोक धावले, कुणी पाणी आणलं, कुणी सावली धरली. व्याह्यांनी डोळे किलकिले करून वर वाकलेला चेहरा पाहिला. नाक किंचित हललं. "तू मातर पेऊन हायेस," ते जमिनीवरून म्हणाले. "मिरवनुकीत नाई चालत. मांगं हो." पाटकर मागं झाला. त्यानं हातही जोडले. मला त्या क्षणी व्याह्यांना उचलावं की तिथंच एक थोबाडीत लावून द्यावी, ठरवता येईना. माझा राग गेला, असा समज वाचकांनी करून घेऊ नये.

त्यांची अब्रू परत आली, पाय आले नाहीत. या वर्षी समितीनं स्वतः येऊन सांगितलं, साहेब, झेंडा तुमचाच. त्यांनी नको म्हटलं. "मले आता मधेच बसा लागते. झेंड्यानं बसू नये." झेंडा एका शिक्षिकाबाईंकडं गेला. डावा कान तोवर पुरता गेला होता; त्यात फक्त ती घरघर उरली आहे, दिवसरात्र. मिरवणूक घरावरून गेली तेव्हा आम्ही दोघं खिडकीशी बसलो होतो, मी त्यांच्या उजव्या हाताला. "पुढं कोन हाय?" "बाई हाय." "कशी चालते?" "मस्त चालते." त्यांनी डोळे मिटले नाहीत, मिटता येत नाहीत, समोरच्या भिंतीकडं बघत ते ऐकत राहिले. बाजा वळणावर गेला, लहान झाला, थांबला. रस्त्यावर नुसती धूळ राहिली. ते अजून ऐकतच होते.

"गेले काय हो सारे?" त्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं.

"जाऊन राह्यले," मी म्हणालो.

"अजून?"

"लई मोठी हाय औंदा."

ते खुश झाले आणि ऐकत बसले. मीही मग उठलो नाही.