काकींच्या फोटोमागचे रोमचे खांब

आज सकाळी कोपरीत मैत्रिणीच्या आईकडे गेलेले. काकी कोळीवाड्यातल्या. भिंतीवर त्यांच्या लग्नानंतरचा, ऐंशीच्या दशकातला फोटो दिसला. दोघं अगदी ताठ उभे आणि मागे रोमचे मोडके खांब, अर्धी पडलेली कमान!

मी बघतच राहिले. फोटोत मागे दिसणारा हा पडदा माझ्या बाबांनी रंगवलेला. जुन्या युरोपियन चित्राचं पुस्तकातलं पान समोर ठेवून स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओसाठी ते महिनाभर खपले होते. स्टुडिओ बंद पडला, पडदाही गेला.

तिथूनच डोंबिवलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. चष्मा लावून ते म्हणाले, "कमान जरा कललीय गं."

काकी हसल्या. "असूदे हो. आमचे हे आता नाहीत. दोघांचा मिळून हा एकच फोटो हाय. मी रोज बघते."

बाबांनी नुसते हात जोडले. जरा वेळाने मला हळूच म्हणाले, "मला पाठवशील का गं फोटो? माझ्याकडे त्या पडद्याचं काहीच नाही."

तुमच्या घरी आहे का असा पडद्यासमोरचा फोटो? टाका ना इथे. बाबांना दाखवीन.